लोकरीची उठाठेव

श्रावण लागला की या सदराच्या टपालात दोन प्रकारची पत्रं हमखास येतात. एक, 'राखीला भावासाठी स्वेटर विणायचाय, आठवड्यात होईल का?' आणि दुसरं, 'कपाट उघडलं तर शालीला भोकं!' पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे, तेव्हा तो विषय मिटला. बाकीच्या पत्रांकडे वळते.

काकू, सासूबाईंचा शुद्ध लोकरीचा स्वेटर आमच्या ह्यांनी वॉशिंग मशीनमध्ये टाकला, तोही गरम पाण्यावर. आता तो आमच्या सहा वर्षांच्या मुलाला बरोब्बर होतो. सासूबाई पुढच्या महिन्यात अकोल्याहून येताहेत. स्वेटर परत मोठा करता येईल का?
*एक धास्तावलेली सून, मनीषनगर*

नाही येणार बाई. केसांना लावायच्या कंडिशनरमध्ये भिजवून ओढायचा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेल. स्वेटर थोडासा आखडला असेल तर त्याने बोटभर फरक पडतो. मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा झाला असेल तर काही उपयोग नाही.

झालं काय ते सांगते, म्हणजे पुढचा स्वेटर तरी वाचेल. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, सगळ्यांचं तोंड टोकाकडे. गरम पाणी आणि धुण्याची पावडर मिळाली की तंतू फुगतो, खवले उचलले जातात. त्यात मशीनची घुसळण. तंतू एकाच दिशेने सरकत जातो, कारण उलट यायला खवले आडवे येतात. असे लाखो तंतू एकमेकांत घुसले की कापड आटतं, जाड होतं आणि टाके दिसेनासे होतात. नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, करणारे कारागीर मुद्दाम हेच करतात. तुमच्या मशीनने एका तासात केलं, इतकाच फरक.

तेव्हा आता त्या स्वेटरला नमदाच समजा. उरलेसुरले टाके दिसत असतील तर आणखी एकदा गरम पाण्यात काढा, म्हणजे पक्का होईल. वाळला की कात्री चालवून बघा. कड उसवत नाही. पाठीच्या भागातून चहाच्या किटलीची झकास टोपी होते आणि बाह्यांमधून गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या. छातीवर नक्षी असेल तर ती मधोमध धरून उशीचा अभ्रा बेता. कापायच्या आधी मुलाला एकदा घालून बघायला हरकत नाही, पण तो 'टोचतं' म्हणेल आणि ते खरंच असेल.

सासूबाईंना सांगायचं काम ज्याने मशीनचं बटण दाबलं त्याचं. यात तुम्ही पडू नका.

नागपुरात थंडी असते किती? दुकानात स्वस्तात बरा स्वेटर मिळतो. मग दोन महिने मान मोडून विणायचं काऊन? रागावू नका, खरंच विचारून राहिलो.
*एक विद्यार्थी, प्रतापनगर*

रागावले नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश होतं. त्या दिवशी हा प्रश्न मला कोणीच विचारला नाही. हो, २३ मे २०१३ ला याच गावात ४७.९ अंशही होतं, म्हणून तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

विकतचा स्वेटर जरूर घ्या. हिवाळ्यात तिबेटी मंडळी स्वेटरची दुकानं मांडतात तिथे मी स्वतः हात लावून लावून बघत असते. त्यांचा माल बहुतेक लुधियानाकडचा, मशीनवरचा. पण गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडजवळ नॉर्गेलिंग ही त्यांची १९७२ पासूनची वसाहत आहे, तिथे हातमागावर लोकरीचे गालिचे विणले जातात. कधी नवेगावबांधला गेलात तर वाट वाकडी करून बघा. गालिच्यातली एकेक गाठ हाताने मारताना पाहिल्यावर 'काऊन' हा शब्द तोंडातून निघत नाही.

आणि विणायचं ते लोकरीचंच, असं कोणी सांगितलं? आपण कापसाच्या मुलखातले. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल १८७७ साली इथे काढली ती याच कापसासाठी. सुती धाग्याची बिनबाह्यांची बंडी विणा, मार्च उजाडला तरी अंगात राहील. फक्त सुताला लोकरीसारखा ताण नसतो, आपल्याच वजनाने ते खाली लोंबतं. म्हणून सुती काम घट्ट विणायचं आणि उंचीला थोडं कमीच ठेवायचं.

इंटरनेटवरून स्वेटरचा नमुना उतरवून घेतला. त्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. माझ्याकडे आईच्या ८ नंबरच्या सुया आहेत, त्यावर विणला. लोकरही सांगितली होती त्याच जाडीची. तरी स्वेटर इतका तंग झाला की डोक्यातून जाईना. कुठे चुकलं?
*गृहिणी, भंडारा*

तुमचं विणकाम चुकलं नाही, नंबर चुकला. आईच्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या. आपल्याकडे दुकानात अजून तेच माप चालतं. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर २.७५ मिमी. इंटरनेटवरचा तुमचा नमुना अमेरिकी असणार, आणि अमेरिकेत सगळं उलटं. आकडा वाढला की सुई जाड. त्यांचा ८ नंबर ५ मिमीचा, म्हणजे आपला ६ नंबर. गंमत अशी की ७ नंबर दोन्हीकडे ४.५ मिमीच असतो, त्यामुळे एखाद्या बाईचा पहिला स्वेटर नेमका ७ नंबरवर जमून जातो आणि दुसऱ्याला ती डोकं आपटते.

मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे मला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा नमुन्यात ५ मिमी सुईवर १० सेंमीत २० टाके धरलेत. छातीचा घेर १०० सेंमी हवा, म्हणून पुढचं-मागचं मिळून २०० टाके सांगितले. तुम्ही ४ मिमीवर विणलंत, तुमचे १० सेंमीत २४ टाके बसले. २०० भागिले २४, गुणिले १० म्हणजे ८३ सेंमी. सतरा सेंमीचा घोळ. डोकं कुठून जाणार?

यावर उपाय एकच आणि तो कोणालाच आवडत नाही. आधी तुकडा विणून बघायचा. वीतभर रुंद, वीतभर उंच, धुऊन, वाळवून, मग मधले १० सेंमी मोजायचे. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी खोटं बोलतात. टाके जास्त भरले तर सुई एक माप जाड घ्या, कमी भरले तर बारीक. सुईवरचा नंबर पुसला असेल तर मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर भरवसा नको. कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे ड्रिल बिटचा संच असतो, ४ मिमीच्या बिटशेजारी सुई धरली की बोटांना लगेच कळतं. दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू द्या.

आणि तो तंग स्वेटर उसवा. लोकरीच्या लड्या करून, धुऊन, वजन न लावता वाळत घातल्या की धाग्यातले वळसे बरेचसे जातात.

डावखुऱ्यांसाठी वेगळ्या सुया मिळतात का?
*दहावीतली मुलगी, महाल*

मिळत नाहीत आणि लागत नाहीत. दोन्ही हातांना काम असतंच. धागा डाव्या बोटावर धरायची पद्धत शिकून घे, तुला सोपी जाईल.

तान्ह्या पोळ्याला मुलासाठी लाकडी बैल दरवर्षी घेतो. यंदा लोकरीचा, सुईने टोचून करतात तसा बैल करायचा विचार आहे. मी हे काम आधी केलेलं नाही. जमेल का? आणि पाऊस आला तर?
*आई, सक्करदरा*

हे पत्र वाचून मला इतका आनंद झाला की याचं उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात पोट्टे आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतात. त्याच दिवशी शहरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. म्हणजे बैल गर्दीत जाणार, चिखलात जाणार, दुसऱ्याच्या बैलाला टक्कर देणार. हे डोळ्यांसमोर ठेवून काम करायचं.

साहित्यात पहिली सुई. ही शिवणाची सुई नव्हे. हिच्या टोकाजवळ उलटे दाते असतात, ते तंतूंना ओढून आत नेतात. ऑनलाइन मागवावी लागते. ३६, ३८ आणि ४० असे आकडे असतात. आकडा मोठा तशी सुई बारीक. ढोबळ आकाराला ३६, नेहमीच्या कामाला ३८ आणि शेवटी अंग गुळगुळीत करायला ४०. पहिल्या कामाला ३८ च्या चार-पाच सुया घेतल्या तरी पुरे. चार-पाच का? कारण मोडतील. सुई सरळ आत, सरळ बाहेर. आत असताना तिरपी केली की कट्‌कन तुटते. खाली जाड फोम किंवा घट्ट स्पंज ठेवा, मांडीवर ठेवून अजिबात करू नका.

आता लोकर. आतला गाभा जाडसर पिंजलेल्या लोकरीचा करा, ती लवकर घट्ट होते आणि स्वस्त पडते. वरचा पातळ थर मऊ मेरिनो मेंढीच्या लोकरीचा, पांढराशुभ्र नको, किंचित मळकट पांढरा घ्या. घरात उरलेल्या विणायच्या गुंड्या गाभ्याला वापराव्याशा वाटतील. त्या ॲक्रिलिकच्या असल्या तर त्यांना खवलेच नाहीत. दात्यांनी थोड्या अडकतात, पण धड बसत नाहीत आणि बैल भुसभुशीत राहतो.

आधी धड. लोकर घट्ट गुंडाळून लांबट वळकटी करा आणि सगळीकडून टोचत राहा. दाबल्यावर टणक लागेपर्यंत थांबायचं नाही. नवशिक्यांचं काम बिघडतं ते इथेच, मऊ असतानाच पुढे जातात. मग पाय. पायांच्या वरच्या टोकाला लोकर मोकळी, न टोचलेली ठेवा. ती धडावर पसरून टोचली की सांधा पक्का होतो. वशिंड विसरू नका, त्याशिवाय तो बैल कोणा परदेशी गाईचा भाऊ दिसतो. मान खालून जाड, गळ्याखाली लोंबत्या कातडीची पातळ घडी. शिंगांना करड्या लोकरीची बारीक सुरळी, टोकाकडे निमुळती. गावरान बैलाचे कान आडवे असतात, उभे केलेत तर गाढव होईल.

पायांवर तो उभा राहणार नाही, तेव्हा तारेचा सांगाडा घालायचा मोह आवरा. मिरवताना तार बाहेर आली तर कोणाच्या तरी हाताला लागेल. त्याऐवजी जुन्या लाकडी बैलाची चाकांची पाटी असेलच घरी, तिच्यावर लोकरीचा बैल जाड दोऱ्याने चारही पायांतून शिवून टाका. झूल सुती कापडाची, बाशिंग तुमच्या आवडीचं. डोळे दोऱ्याने भरा. मणी लावलेत आणि घरात तीन वर्षांच्या आतलं दुसरं लेकरू असेल तर ते मणी नाकात नाहीतर पोटात जाणार.

एक काम सगळ्यात शेवटी, पण चुकवू नका. बैलाभोवती चुंबक फिरवा. सुईचं तुटलेलं टोक आत राहिलं असेल तर चुंबक ओढ देतो. दारावर चिकटवायचे खेळण्यातले चुंबक कमकुवत असतात, जुन्या स्पीकरमधला मोठा चुंबक मिळाला तर उत्तम. मुलाला मदत करायची असेल तर त्याला झुलीवर आरसे चिकटवू द्या. आठ-दहा वर्षांच्या आत सुई हातात नको.

पावसाचं म्हणाल तर लोकर भिजली तरी बैल विरघळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि हाताला तरी कोरडी लागते. चिंब झालाच तर टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, हाताने आकार द्या, पंख्याखाली ठेवा. लाकडी बैलाचा रंग जातो तसं याचं काही होत नाही.

विदर्भातल्या मेंढ्यांची लोकर फेल्टिंगला (नमदा करायला) चालेल का? ऑनलाइन मेरिनो फार महाग पडते.
*हस्तकलेची आवड असलेला निवृत्त कर्मचारी, चंद्रपूर*

चालेल, पण काय करायचं ते आधी ठरवा. आपल्याकडची लोकर भरड. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा असतो, दख्खनी मेंढीचा त्याहून बराच जाड, त्यात केसासारखे कडक तंतूही मिसळलेले. गळ्याला गुंडाळायचा मफलर त्याचा केलात तर मानेवर पुरळ येईल. पण आसन, चटई, बुटातला तळवा, कुंडीखालची जाड चकती यांना तीच लोकर हवी. ती उशिरा आटते, पण आटली की झिजत नाही. पश्चिम महाराष्ट्रात घोंगडी मागावर विणतात आणि जेन मात्र लोकर थापून, दाबून करतात. ते जेन वर्षानुवर्षं टिकतं.

तुमच्या भागात कुरमार मेंढपाळ आहेत, शिवाय पावसाळा सरला की रबारी कळप घेऊन शेताशेतांतून बसतात. कातरणी होते तेव्हा प्रत्यक्ष जाऊन बोला. लोकर विकत घेताना पाठ-खांद्यावरची मागा, पोट-पायांची नको, ती शेणाने आणि कुसळांनी भरलेली असते.

धुताना घाई नको. हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात, साधारण ६० अंश, भांड्यांचा साबण घालून लोकर नुसती बुडवून ठेवा. ढवळायची नाही, चोळायची नाही, वरून नळ सोडायचा नाही. नाहीतर धुता धुताच नमदा होईल. पाणी गार व्हायच्या आत उचला, कारण सुटलेली चरबी गार पाण्यात परत चिकटते. दोन-तीन पाणी काढा. पिंजायला गादीवाल्याकडे नेऊ नका. त्याच्या यंत्रात कापूस असतो, तो लोकरीत मिसळतो आणि कापूस काही केल्या आटत नाही. कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे ब्रश दोन आणा, थोड्या लोकरीला तेवढे पुरतात.

आणखी एक, तुमच्याकडे बोअरिंगचं पाणी असेल. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा चिकट साका मात्र लोकरीवर बसतो. फेल्टिंगच्या दिवशी पावसाचं पाणी धरून ठेवा. आत्ता ते फुकट मिळतंय.

काकू, एका वेळी तुम्ही किती कामं हातात ठेवता? मी एक घेते, कंटाळते, दुसरं घेते. कपाटात सगळं अर्धवट. तुमचा एखादा आठवडा कसा जातो ते सांगाल का?
*नोकरी करणारी, वर्धा*

मागचाच सांगते, ताजा आहे.

माझी पद्धत अशी की हातात तीन वेगळ्या जातीची कामं ठेवायची. एक बिनडोक, एक मोजून करायचं आणि एक ओलं. एका जातीची दोन कधीच नाही. तुमच्या कपाटात सगळे स्वेटरच असतील तर कंटाळा येणारच की!

बिनडोक काम म्हणजे सध्या एक लांबलचक मफलर, दोन्ही बाजूंनी सगळे सुलट. तो बँकेत जातो, दवाखान्यात जातो, संध्याकाळी लाइट गेली की अंधारात चालतो. सोमवारी तासभर लाइट नव्हती, वीतभर पुढे सरकला. आमचे हे बाजूला बसून पॉवर हाऊसच्या नावाने बोटं मोडत होते, त्याचाही ताल मिळाला.

मोजायचं काम म्हणजे ह्यांचेच मोजे. २.५ मिमीच्या पाच सुया, ६४ टाके. मंगळवारी टाच आली. टाचेला निम्मे टाके घ्यायचे, ३२, त्यावर सरळ पट्टी विणायची आणि मग ती वळवायची. मधल्या टाक्यांपासून सुरू करून प्रत्येक ओळीला एक टाका कमी करत, अर्ध्यातून परत फिरत, ३२ चे १८ होतात आणि सपाट पट्टीची वाटी होते. कितीही मोजे केले तरी ती वाटी तयार होताना मी कोणाशी बोलत नाही. त्या वेळी दार वाजलं तर वाजू दे. पहिल्यांदा करताना कागदावर ओळी लिहून एकेक खोडत जा.

ओल्या कामाला बुधवार-गुरुवार. भाचीला पुण्यात ऑफिसातल्या लोकांना द्यायला नागपुरी संत्री हवी होती, लोकरीची, किल्लीला अडकवायची. आधी तिने फोटो पाठवला, त्यात गुळगुळीत, भडक नारिंगी चेंडू होते. मी म्हटलं, हे कुठलं फळ? आपलं संत्रं देठाकडे जरा उचललेलं, साल सैल, आंबिया बहाराचं असलं तर देठापाशी हिरवट झाक. म्हणून दोन नारिंगी, एक पिवळी आणि चिमूटभर हिरवी लोकर ब्रशवर एकत्र विंचरली, पण पुरती मिसळू दिली नाही.

लोकरीचा गोळा वळायची खुबी सांगते. आत खऱ्या लोकरीच्या धाग्याची बारीक गुंडी, वर लोकरीचे पातळ थर आडवे-उभे. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तळहातांत फिरवायचं, आणि सुरुवातीला जोर शून्य. इथे दाबलं की गोळ्याला भेगा पडतात आणि त्या नंतर कधीच बुजत नाहीत. कातडी धरायला लागली असं वाटलं की जोर वाढवायचा, पाणी गरम करायचं. फेस जास्त झाला तर तंतू नुसते घसरतात, आटत नाहीत. मग साबण धुऊन टाकायचा. शेवटी पाण्यात चमचाभर व्हिनेगर, म्हणजे साबणाचा क्षार निघतो. वाळल्यावर ४० नंबरच्या सुईने साल टोचून खडबडीत केली. भाचीचा निरोप आला, 'मावशी, सोलावंसं वाटतंय.'

वाळण्याची गोष्ट मात्र निघाली की मला श्रावणाचा राग येतो. मेमध्ये तासाभरात खडखडीत होणारा गोळा आता दोन दिवस ओलाच. मी ते टॉवेलात बांधून मशीनमध्ये फक्त पिळायच्या चक्रावर घालते. आधीच आटलेल्या नमद्याला त्याने काही होत नाही. (मनीषनगरच्या सूनबाईंनी हे वाक्य ह्यांना वाचून दाखवू नये.)

शुक्रवारी सपाता. या आधी ढगळ विणायच्या आणि मग गरम पाण्यात आटवायच्या. किती ढगळ, हे तुकडाच सांगतो. माझा २० बाय २० सेंमीचा तुकडा आटून रुंदीला १६ आणि उंचीला १४ झाला. रुंदीपेक्षा उंची जास्त आटते, हे नेहमीचंच. पाऊल २४ सेंमीचं असेल तर २४ भागिले ०.७, म्हणजे ३४ सेंमी लांब विणायचं. विणून झाल्यावर त्या हत्तीच्या सपाता दिसतात. घरातले हसतात. हसू द्यावं.

शनिवारी शेजारच्या मुली शिकायला येतात, त्या दिवशी माझं स्वतःचं काही होत नाही. रविवारी तर्री-पोहे आणि पाहुणे.

तुमच्या कपाटाचं म्हणाल तर सगळी अर्धवट कामं पलंगावर मांडा. ज्याचा गळा-बाह्या तेवढ्या राहिल्यात ते एक ठेवा. जे बघून कपाळावर आठी येते ते उसवा. उसवायला एक दुपार लागते आणि लोकर मोकळी होते.

कपाटातल्या शालीला भोकं पडलीत. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या तरी. आता घरात बाळही येणार आहे. काय करू?
*होणारी आजी, गोकुळपेठ*

अभिनंदन! आधी त्या डांबरगोळ्या घराबाहेर काढा. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पी-डीची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एका घटकाची, कमतरता असते. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात अशा बाळाला गुंडाळलं तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला हा दोष आहे की नाही हे आधी कळत नाही, तेव्हा गोळ्या नकोच. त्या गोळ्यांत राहिलेलं कापड बाळासाठी काढलंत तर आधी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाका.

भोकं पाडते ती कसर. उडणारा पतंग काही खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घामाचे, तेलाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. म्हणून मळलेली शाल तशीच घडी घालून ठेवायची नाही. कडुलिंबाचा पाला आपण ठेवतो, ठेवा, पण आत बसलेली अळी त्याने मरत नाही. ती मरते थंडीने किंवा उष्णतेने. शाल हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरतं. पुढच्या मे महिन्यात मात्र फ्रीझरची गरज नाही. काळ्या पिशवीत भरून बंद गाडीत भर दुपारी ठेवून द्या, नागपूरचं ऊन काम करतं.

कपाटाच्या फटी, कप्प्यांचे कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, अंडी तिथेच असतात. स्वच्छ धुतलेले कपडे झिप असलेल्या पिशव्यांत.

बाळासाठी विणणार असाल तर लोकर नको, मऊ सुती किंवा बाळांसाठी मिळतो तो ॲक्रिलिकचा धागा घ्या. रोज धुवावं लागतं आणि धुणारी सून आहे. टोपीचा घेर ३३ सेंमीच्या आसपास ठेवा, नवजात बाळाचं डोकं ३५ च्या आगेमागे असतं आणि विणलेली टोपी ताणते. गळ्याशी नाडी नको, गोंडे नकोत.

*पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना धाग्याचा वीतभर तुकडा पाकिटात घाला. फोटोवरून लोकर ओळखता येत नाही. मी तो चिमट्यात धरून जाळून बघते: केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर लोकर, वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. दुकानदाराने काय सांगितलं ते लिहिलं नाही तरी चालेल.*